मेंढपाळांची शाळा टेकडीवरच भरावी

टेकडी उघडी पडली, की ग्रामसभेत पहिली सूचना येते ती चराईबंदीची. सूचना मांडणारा बहुधा वावर असलेला असतो, आणि जिच्यावर बंदी घालायची ती बकरी किंवा मेंढी बहुधा वावर नसलेल्याची असते. हात वर होतात, ठराव होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जनावरे अंधार पडल्यावर त्याच उतारावर चरू लागतात. मग दंड, मग भांडण, मग पुन्हा ठराव. आमच्या मते हा प्रश्न नुसत्या बंदीने सुटणारा नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याला टेकडी कशी चारावी हे शिकवले पाहिजे, आणि शिकल्याप्रमाणे त्याला वागता यावे अशी सोय गावाने केली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच टेकडी राहील आणि मेंढपाळही राहील.

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला पांढुर्णा जिल्हा म्हणजे पांढुर्णा आणि सौंसरचा मुलूख. खाली कन्हान आणि जाम यांच्या खोऱ्यांत काळी जमीन, संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. वर सिल्लेवानी घाटाच्या अंगाला सातपुड्याचे उतार, बरड आणि मुरमाड. कित्येक ठिकाणी तिथली माती वीतभरही खोल नाही. त्या वीतभर मातीला धरून ठेवते ते गवताचे मूळ. मूळ गेले, की माती दोन-चार मोठ्या पावसांत नाल्याला लागते, आणि जे पाणी टेकडीत मुरायचे ते तिच्या पाठीवरून धावत निघून जाते. त्याचा हिशेब उन्हाळ्यात खालच्या विहिरीत दिसतो. म्हणून टेकडीचा प्रश्न एकट्या मेंढपाळाचा नाही. संत्रेवाल्याचाही तितकाच आहे.

आपल्याकडे बकऱ्या जास्त, मेंढ्या त्या मानाने कमी. सुगी संपल्यावर विदर्भात आणि मध्य प्रदेशात धनगरांचे कळप फिरतात, आणि कच्छकडचे रबारीही उंटांवर बिऱ्हाड लादून येतात. लोक त्यांना सरसकट काठेवाडी म्हणतात. ही माणसे धंद्यात मुरलेली असतात. गावच्या बकऱ्या-मेंढ्या राखतो कोण? बहुधा थकलेला आजा, नाही तर शाळेतून गळलेला पोरगा. अंगात जोर असलेला मुलगा बोरगावच्या कारखान्यात किंवा नागपूरला गेलेला असतो. ज्याला दुसरे काही येत नाही त्याने जनावरे राखावीत, अशी समजूत झाली आहे. ज्या कामावर सबंध टेकडीचे मरण-जगणे अवलंबून आहे, ते काम आपण असे सर्वांत दुबळ्या हातांत दिले आहे.

चराईबंदीने काही गावे सुधारली, हे आम्ही नाकारीत नाही. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर आणि हिवरे बाजारात १९९० नंतर जे झाले ते साऱ्या देशाने पाहिले. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, जो भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, त्यातही मोकाट चराई थांबवणे ही गावाने मान्य करायची एक अट होती. उतारांवर गवत आले, झाडे आली, विहिरींना पाणी आले. परंतु अशा बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या दारी दोन म्हशी आहेत तो विळा घेऊन जातो आणि दोन भारे गवत कापून आणतो. ज्याच्याजवळ पन्नास मेंढ्या आहेत आणि एक गुंठाही जमीन नाही, त्याने काय करावे?

हिशेब करून पाहू. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला सुमारे एक किलो सुका चारा खाते. पन्नास मेंढ्यांना रोज अर्धा क्विंटल झाला. पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर साठ क्विंटल, तोही सुका धरून. ओले गवत याच्या तिप्पट-चौपट भरेल. एवढे गवत कापून डोक्यावरून कोण आणील? म्हणजे बंदीचा ठराव हा त्या माणसासाठी कळप विकण्याचा हुकूम असतो. महाराष्ट्र सरकारने हे ओळखून फिरत्या मेंढपाळ कुटुंबांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदान देण्याची योजना काढली. वीस मेंढ्या आणि एक मेंढा यांचा गट अनुदानावर देणारी महामेष योजनाही तिकडे २०१७ साली आली. या मदतीचे मोल मोठे आहे. पण पैशाने मेंढी मिळते, औषध मिळते. चरणीची टेकडी मिळत नाही. ती राखूनच ठेवावी लागते.

राखायची तर आधी गवताचा स्वभाव समजला पाहिजे. मारवेल, पवना ही आपल्या टेकड्यांवरची चांगली गवते बारमाही आहेत. उन्हाळ्यात वरून वाळली तरी मुळाशी जिवंत असतात. मृगाचा पाऊस पडला की मुळात साठवलेल्या बळावर ती पहिली पाने काढतात. ही पाने मोठी झाली म्हणजे ती मुळाला परतफेड करतात. पाने दोन बोटे असतानाच मेंढीने खुडली, तर गवत पुन्हा मुळातून उसनवारी करते. पुन्हा खुडली, पुन्हा उसनवारी. असे तीन-चार वेळा झाले म्हणजे मूळ मरते. मेंढीचा वरचा ओठ मध्ये फाटलेला असल्यामुळे ती गाईपेक्षा कितीतरी खालून, अगदी जमिनीलगत खाते. ज्या जागी मारवेल मेला तिथे आधी कुसळी येते. तिची कुसळे मेंढीच्या तोंडात रुततात, लोकरीतून कातडीत शिरतात. कुसळीच्याही पुढे उघडा मुरूम असतो. मेंढी टेकडी खाते असे लोक म्हणतात. वास्तविक जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात चुकीच्या जागी, चुकीच्या दिवशी सोडलेली मेंढी टेकडी खाते. तीच मेंढी ऑगस्टमध्ये त्याच जागी आली असती तर फारसे बिघडले नसते.

यातूनच शिक्षणाचा पहिला धडा निघतो, आणि तो थांबण्याचा आहे. गवत वीतभर होईपर्यंत त्या उतारावर पाऊल नाही. वरून खाऊन ते चार बोटे उरले की कळप पुढे काढायचा, आणि पुन्हा वाढल्याशिवाय मागे फिरायचे नाही. हे मेंढीच्याही हिताचे आहे. पहिल्या कोवळ्या गवतावर अधाशीपणे चरलेली धडधाकट मेंढी रातोरात मरते, तो आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते.

दुसरा धडा पाळीचा. टेकडीचे खुणेने चार भाग करावे. तीन भाग पाळीपाळीने चारावे आणि चौथा भाग त्या वर्षी दसरा-दिवाळीपर्यंत, बी पडेस्तोवर, बंद ठेवावा. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. चार वर्षांत साऱ्या टेकडीला एकेकदा बी टाकायची सवड मिळते. एक भाग बंद ठेवणे मेंढपाळाला परवडते. चारही भाग बंद ठेवणे परवडत नाही. इथे बंदीला आमचा विरोध नाही, तिला पाळी आणि मुदत असावी एवढेच म्हणणे आहे. पाळीचा दुसराही फायदा आहे. लेंडीतून पडलेली जंतांची पिल्ले दवात गवतावर चढून बसतात. त्याच त्या जागी रोज चरणारा कळप रोज नवे जंत गिळतो. जागा बदलली की हे चक्र पुष्कळसे तुटते. म्हणून दव सुकल्यावर कळप काढावा, आणि नाल्याकाठच्या दलदलीत, जिथे गोगलगायी असतात, तिथे चारू नये. यकृतातला चपटा कृमी तिथूनच येतो.

तिसरा धडा चालवण्याचा. मेंढ्या एकीमागे एक चालतात. रोज त्याच वाटेने त्यांना सरळ खाली उतरवले, की पावसाळ्यात त्या वाटेची घळ होते. कळप आडवा, पसरून, उताराला वळसा घालीत न्यावा. पाणी एका टोकाला असेल तर मीठ दुसऱ्या टोकाला ठेवावे, म्हणजे जनावरे एका जागी गोळा होऊन जमीन तुडवीत नाहीत. रात्री उंचावर बसायची मेंढीला ओढ असते. रोज तिथेच बसू दिले तर सारे खत माथ्यावर कुजते आणि वावर उपाशी राहते. तिला खाली आणून वावरात बसवावे.

इथे शेतकऱ्याचा स्वार्थही सांगितला पाहिजे. मेंढ्या बसवल्याने लेंडी आणि मूत जागच्या जागी, वाहतुकीच्या खर्चाशिवाय मिळते, हे आपले आजे-पणजे जाणत होते. त्यात आता नवी भर पडली आहे. गुलाबी बोंडअळी शेवटच्या वेचणीनंतर उरलेल्या कीडक्या, न उमललेल्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या वर्षीच्या कपाशीवर येते. म्हणून फरदड घेऊ नका आणि वेचणी संपताच शेतात मेंढ्या-बकऱ्या सोडा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. फवारणी होऊन पुरेसे दिवस गेले असले म्हणजे झाले. जे जनावर टेकडीवर गुन्हेगार ठरले, तेच वावरात शेतकऱ्याचे राखणदार होऊ शकते.

पण याच मुलुखात मेंढीला मोठा धोकाही आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. डिंक्या रोगासाठी आपण संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतो. त्यात मोरचूद असते. मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे गाईला सोसते तितके मेंढीला सोसत नाही. झाडाखालचे गवत चरून ते थोडेथोडे तिच्या काळजात साठते. आठवडे जातात, काही दिसत नाही. मग एके दिवशी डोळे पिवळे पडतात, लघवी तांबडी-काळी होते आणि मेंढी दोन दिवसांत जाते. लोक म्हणतात, दृष्ट लागली. मलम लावलेल्या बगीच्यात मेंढ्या घालू नयेत, आणि बगीचेवाल्याने ते आधी सांगावे. तसेच कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला फुटलेले कोवळे पोंगे. त्यांत जहर असते, विशेषतः पाण्याचा ताण पडला असता. अशा वावरात भुकेला कळप शिरू देऊ नये.

चौथा धडा आरोग्याचा, जनावराच्या आणि माणसाच्या. ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड आणि हगवण ही पीपीआर रोगाची लक्षणे. शेळ्या-मेंढ्यांचे कळपच्या कळप तो साफ करतो. एकदा टोचलेली लस सुमारे तीन वर्षे पुरते. हा रोग २०३० पर्यंत जगातून घालवायचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठेवले आहे. पण आपल्या आखरावरची बकरी टोचणीशिवाय राहिली तर त्या उद्दिष्टाचा आपल्याला काय उपयोग? गाभडलेल्या मेंढीची वार आणि मेलेले पिल्लू उघड्या हाताने उचलू नये. ब्रुसेला रोग त्यातून माणसाला होतो, आणि वारंवार उलटणारा ताप, सांधेदुखी महिनोन्महिने छळते. दूध उकळूनच प्यावे. मेंढी कापल्यावर काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी दिसल्या तर ते कुत्र्याला टाकू नये, खोल पुरावे किंवा जाळावे. कुत्र्याच्या पोटात त्याचे बारीक कृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, आणि कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसलेल्या मुलाच्या काळजात तशीच गाठ वाढते. राखणीच्या कुत्र्याला जंताचे औषध आणि पिसाळण्याविरुद्धची लस द्यावी. आणि टेकडीवर साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, सरळ सरकारी दवाखान्यात जावे.

कोणी म्हणेल, मेंढपाळाला काय शिकवायचे? तो बापाकडून शिकला आहे. खरे आहे, आणि धनगर-रबाऱ्यांना जे येते ते पुस्तकात सापडणार नाही. पण बापाच्या वेळी बगीचे एवढे नव्हते, फवारणी नव्हती, चरणीच्या वाटा मोकळ्या होत्या. एक उतार संपला तर पुढचा होता. आज पुढचा नाही. म्हणून जुन्या विद्येला नवी जोड हवी. शिवाय गावातल्या ज्या पोराला बापाने काही शिकवलेच नाही, त्याचे काय?

परदेशांत ही जाण आली आहे. स्पेनच्या बास्क मुलखात १९९७ पासून मेंढपाळांची शाळा चालते, तिथे डोंगर चारणे शिकवले जाते. त्याच देशात आंदालुसिया प्रांतात वणवा अडवणारे पट्टे मेंढ्यांकडून चारून मोकळे ठेवणाऱ्या मेंढपाळाला सरकार मोबदला देते. आपल्या सातपुड्यात मोहफुले वेचण्यासाठी पाला जाळतात आणि सारी टेकडी पेटते. हे काम आपल्याकडेही करून घेता येईल. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले, त्यामागेही हाच विचार आहे.

आमची सूचना साधी आहे. दोन-तीन गावांनी मिळून उन्हाळ्याच्या शेवटी, मृगापूर्वी, दहा दिवसांची शाळा भरवावी. ती सभागृहात नव्हे, टेकडीवर भरावी. सकाळी कळप निघतो तेव्हा सुरू व्हावी आणि दुपारी जनावरे सावलीला बसतात तेव्हा बोलणे व्हावे. शिकवणारे तिघे असावेत: एक जाणता धनगर, एक पशुवैद्य आणि एक वनरक्षक. धनगराला इतर दोघांइतकेच मानधन द्यावे. छिंदवाड्याचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे नागपूर जिल्ह्यात बोंद्रीला आणि अमरावती जिल्ह्यात पोहऱ्याला आहेत. ती पाहून यावीत. बायकांना विसरू नये. घरच्या बकऱ्या बहुधा त्याच सांभाळतात, आणि पशुसखी म्हणून तयार झालेल्या बाया लसीचे, जंताच्या औषधाचे काम चांगले करतात. शिकायला येणाऱ्याची त्या दहा दिवसांची मजुरी बुडू देऊ नये. नाही तर येणार तोच, ज्याला गरज नाही.

शाळेनंतर गावाची पाळी. राखणाऱ्याचे साल ठरते तेव्हा टेकडीचा कोणता भाग कधी उघडणार, कोणता बंद, किती जनावरे, हे ग्रामसभेने लिहून ठेवावे आणि त्याचा मेहनताना त्या कामाला शोभेल असा द्यावा. बाहेरून येणाऱ्या कळपाशीही भांडण्याऐवजी करार करावा: किती रात्री, कोणती वाट, कोणाच्या वावरात बसायचे आणि काय द्यायचे. वनजमिनीबाबत २००६ सालच्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मानलेला आहे, आणि त्याच कायद्याने रान जपण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली आहे. हक्क मागताना आपल्या हाती पाळीचा लेखी तक्ता असेल तर वनखात्याशी बोलणे सोपे जाईल.

मेंढपाळ हा शब्द आम्ही वेदीवरून पुष्कळदा उच्चारतो, आणि ऐकणाऱ्यांना तो गोड लागतो. खाली नाल्याकाठी उन्हात उभा असलेला मेंढपाळ मात्र ग्रामसभेत मागच्या रांगेतही दिसत नाही. पुढच्या ठरावाच्या दिवशी त्याला बोलावून घ्या. टेकडीचा कोणता भाग आधी बंद करावा हे त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या. मृगाला अवकाश आहे तोवर एवढे होऊ शकते.